एका गुणाचा खानदेश

‘सामान्यज्ञान’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या घडणीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. न्यायवैशेषिकांच्या पदार्थविचारात ‘सामान्य’ म्हणजे अनेकांमध्ये अनुस्यूत असलेले एक. शंभर गायी वेगवेगळ्या असतात. त्या सर्वांत असलेले गोत्व हे सामान्य. याउलट ‘विशेष’ म्हणजे एकाला दुसऱ्यापासून वेगळे पाडणारे. या अर्थाने पाहू गेल्यास आज ज्याला आपण सामान्यज्ञान म्हणतो ते वस्तुतः विशेषांचे गाठोडे आहे: सनावळ्या, नद्यांच्या लांब्या, पहिला पुरुष, पहिली स्त्री, सर्वांत उंच, सर्वांत जुने. त्यांना ओवणारा दोरा मात्र त्या गाठोड्यात नसतो. वैशेषिकांच्या त्याच यादीत ‘गुण’ हाही एक पदार्थ आहे. आज गुण म्हटले की उत्तरपत्रिकेवरचा तेवढा आठवतो.

हा प्रश्न आम्हांस केवळ शब्दच्छलाचा वाटत नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकजण दिवसाचा उरलेला वेळ स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत घालवतात. वाङ्मयाचा अध्यापक या अभ्यासाकडे बहुधा तुच्छतेने पाहतो, आणि विद्यार्थी वाङ्मयाच्या तासाकडे हळूहळू तसेच पाहू लागतो. ही परस्पर तुच्छता दोघांनाही परवडणारी नाही, असे आमचे मत आहे. त्यासाठी आम्ही एक लहानसा प्रयोग येथे मांडतो. जळगाव शहराला लागून असलेले आणि आता महानगरपालिकेत सामावलेले पिंप्राळा हे गाव मध्यबिंदू मानावे; तेथे राहणाऱ्या, परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत खानदेशाविषयी जे एकेका गुणाचे प्रश्न असतात, त्यांतले काही घ्यावेत, आणि उत्तराच्या पलीकडे दोन पावले चालून पाहावे.

पहिला प्रश्न भूगोलाचा. महाराष्ट्रातील पश्चिमवाहिनी नदी कोणती? उत्तर: तापी. मध्यप्रदेशात मुलताईला उगम, लांबी सुमारे ७२४ किलोमीटर, मुख सुरतेजवळ. दुसरा प्रश्न इतिहासाचा. अजिंठ्याची लेणी कोणी शोधली? उत्तर: जॉन स्मिथ, १८१९. वहीत ही दोन उत्तरे दोन वेगळ्या पानांवर असतात, कारण विषय वेगळे. प्रत्यक्षात त्यांना जोडणारी एक नदी आहे. अजिंठ्याच्या नालाकार कड्याखालून वाहणारी वाघोरा, तीच पुढे वाघूर या नावाने जळगाव जिल्ह्यात उतरते आणि तापीला मिळते. जळगाव शहराला जे पाणी मिळते ते याच वाघूरवरच्या धरणातून. सकाळी नळाला पाणी येते तेव्हा ते अजिंठ्यावरून आलेले असते, ही गोष्ट कोणत्याही परीक्षेत विचारली जात नाही. परंतु ती कळल्यावर तापीची उपनदी आणि चैत्यगृहाचे शिल्प ही दोन सुटी उत्तरे राहत नाहीत. भिक्षूंनी तो कडा का निवडला असेल, डोंगर ओलांडून खानदेशात उतरणारा व्यापाराचा मार्ग आणि बारमाही नसले तरी पावसाळ्याच्या वर्षावासात हमखास असणारे पाणी यांचा त्या निवडीशी काय संबंध असेल, हे विचारावेसे वाटते.

‘कोणी शोधली’ या क्रियापदाकडेही पाहिले पाहिजे. मद्रास इलाख्याच्या घोडदळातला स्मिथ शिकारीच्या निमित्ताने २८ एप्रिल १८१९ रोजी तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील एका खांबावर, रंगवलेल्या आकृतीच्या अंगावरच, त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ती अक्षरे आज माणसाच्या डोळ्यांच्या बरीच वर दिसतात, कारण तो उभा होता तो शतकानुशतके साचलेल्या मातीदगडांच्या ढिगावर. परिसरातील गुराख्यांना आणि गावकऱ्यांना ती जागा माहीत होतीच. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने महाराष्ट्रातील ज्या विहाराचे वर्णन केले तो अजिंठाच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा स्मिथने लेणी ‘शोधली’ म्हणजे एका विशिष्ट कागदपत्रांच्या जगात त्यांची नोंद करवली. एका क्रियापदात केवढा इतिहास दडपला जातो, हे भाषेच्या विद्यार्थ्यानेच पाहावयाचे, नाही तर कोणी?

या कथेचा दुसरा अंक तर पिंप्राळ्यापासून अगदीच जवळ आहे. १८४४ साली कंपनी सरकारने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. वर्षानुवर्षे लेण्यांच्या अंधारात बसून त्याने मोठमोठ्या तैलचित्रांत त्या उतरविल्या; त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व भस्मसात झाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह ते काम पुन्हा केले. त्यांपैकीही अनेक चित्रे १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयात जळाली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळात आहे. अजिंठा गावातील पारो ही त्याची सहचरी. तिची कबर अजिंठ्याला आहे, आणि ना. धों. महानोरांनी आपल्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यात या दोघांनाच नायक-नायिका केले. भुसावळ म्हणजे रेल्वेचे जंक्शन, एवढेच वहीत असते.

आता गणिताकडे वळू. ‘सिद्धान्तशिरोमणी’चा कर्ता कोण? उत्तर: भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४, ग्रंथरचना वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. याच प्रश्नाचा दुसरा भाग असतो: जन्मस्थान कोणते? येथे मात्र वही गडबडते. भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे दिले असून ते सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे सांगितले आहे. ते गाव नेमके कोणते, याविषयी चाळीसगावाजवळचे पाटण, बीड, विजापूर असे निरनिराळे पक्ष मांडले गेले. मार्गदर्शिकांना वाद परवडत नाही. त्या एक नाव निवडतात आणि पुढे जातात.

वस्तुतः पाटणचे महत्त्व जन्मस्थानाच्या वादावर मुळीच अवलंबून नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली या पाटणच्या देवीच्या परिसरातील एक शिलालेख विद्वानांपुढे आणला. त्याचा काळ शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. (योगी चांगदेव तो हा नव्हे, हे सांगितलेले बरे, कारण वहीत तीही सरमिसळ आढळते.) त्याने आजोबांच्या व घराण्यातील इतरांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव या स्थानिक राजाने त्याला दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. दानाचा तपशील येतो तेथे मात्र भाषा मराठी होते. बाजारात गिऱ्हाइकांकडून राजाला जे मिळे त्यातला वाटा मठाला द्यावा, जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळीभर तेल द्यावे, अशा तरतुदी त्या भागात आहेत.

या भाषाबदलात आम्हांस फार मोठा अर्थ दिसतो. वंशाची कीर्ती संस्कृतात सांगितली तर चालते; पण तेल देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कळायचे तर ते मराठीतच लिहावे लागते. गणिताच्या अभ्यासाला गावच्या तेल्याची पळी जोडली गेली होती, आणि त्या जोडणीची भाषा मराठी होती. ज्ञानाची भाषा म्हणून मराठीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा धर्मग्रंथांपासून आरंभ करतो. पाटणचा लेख सांगतो की ‘ज्ञानेश्वरी’च्या आधी सुमारे ८० वर्षे मराठी ही एका विद्यापीठसदृश संस्थेच्या जमाखर्चाची भाषा झाली होती. शिवाय चांगदेवाने आजोबांचा पुतळा उभारला नाही; त्यांचे ग्रंथ वाचले जातील अशी व्यवस्था केली. भास्कराचार्य हे उत्तर म्हणून नव्हे, अध्ययनाचा विषय म्हणून जिवंत राहावेत, ही त्यामागची इच्छा होती.

तिसरे उदाहरण आमच्याच प्रांतातले. ‘बालकवी’ कोणाचे टोपणनाव? त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म धरणगाव, १८९०. मृत्यू भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली, ५ मे १९१८. धरणगाव आणि भादली ही दोन्ही ठिकाणे पिंप्राळ्याच्या पश्चिमेला व पूर्वेला याच लोहमार्गावर आहेत, मधे जळगाव. आणि जळगावातच १९०७ साली भरलेल्या कविसंमेलनात त्या सतरा वर्षांच्या मुलाला ही पदवी मिळाली. ती देणारे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे नाव वाङ्मयाच्या वहीत पदवीपुरते येते व लुप्त होते. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथालयात ते पुन्हा भेटते: भारतीय औषधी वनस्पतींवरील कीर्तिकर आणि बसू यांचा प्रसिद्ध सचित्र ग्रंथ, प्रकाशन १९१८, तो याच कीर्तिकरांचा. ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेतील अधिकारी, वनस्पतींचे अभ्यासक आणि मराठी काव्याचे रसिक होते. म्हणजे मराठीतल्या श्रेष्ठ निसर्गकवीचे नामकरण एका वनस्पतिशास्त्रज्ञाने केले! कीर्तिकर १९१७ मध्ये गेले, आणि पुढच्या वर्षी बालकवींचा मृत्यू झाला, त्याच वर्षी कीर्तिकरांचा ग्रंथ निघाला. कला आणि विज्ञान यांच्यामध्ये तेव्हा आजच्याइतकी उंच भिंत नव्हती, हे यातून दिसते. ही भिंत परीक्षेच्या विषयवार विभागणीने आपल्या डोक्यात पक्की केली आहे.

चौथा प्रश्न सर्वांनाच पाठ. ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन कोणते? फैजपूर, डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित नेहरू. याच फैजपुरात १ डिसेंबर १९०९ रोजी बा. सी. मर्ढेकर जन्मले, हा प्रश्न दुसऱ्या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत येतो, म्हणून दोन फैजपुरे विद्यार्थ्याच्या मनात कधी भेटत नाहीत. त्या अधिवेशनासाठी गावाबाहेर जे टिळकनगर वसविले त्याची सजावट शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी, खेड्यात मिळणारे बांबूसारखे साहित्य वापरून केली. त्याच नंदलालांनी पुढे हरिपुरा अधिवेशनासाठी काढलेली चित्रे कलेतिहासाच्या पुस्तकांत पोहोचली. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांनी अधिवेशनासाठी अपार श्रम घेतले. शेतकऱ्यांच्या कर्ज, खंड आणि सारा यांविषयीचा कार्यक्रम तेथे संमत झाला; काही आठवड्यांवर प्रांतिक निवडणुका येऊन ठेपल्या होत्या. ‘पहिले’ हे विशेषण मात्र या सर्वांना गिळून बसते. पहिले कोठे, हे कळते. खेड्यातच का, हे विचारण्याची सवय जाते.

येथे कोणी म्हणेल की परीक्षेला निश्चित उत्तर लागते, आणि निश्चित उत्तर ही काही वाईट गोष्ट नव्हे. हा आक्षेप योग्य आहे. परंतु उत्तरे आपण समजतो तितकी निश्चित नसतात, हे मराठीच्या अध्यापकांइतके कोणाला ठाऊक असणार? मराठीतील आद्य शिलालेख कोणता, या प्रश्नाचे उत्तर अनेक पिढ्यांनी श्रवणबेळगोळ असे लिहिले. गोमटेश्वराची मूर्ती चामुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस करविली, म्हणून तिच्या पायाशी असलेला मराठी लेखही तेव्हाचा, असा तो तर्क. पण त्याच लेखातील दुसरे वाक्य ज्या गंगराजाचे नाव घेते तो होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. पुढे अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा लेख आद्य मानला गेला. सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडलचा शके ९४० चा लेख अभ्यासकांपुढे आला. आक्षीच्या लेखातील शकाच्या वाचनाचीही चर्चा झाली. प्रश्न एकच, उत्तरे तीन. १९७० साली, १९९० साली आणि आज गुण मिळवणारे तिघे विद्यार्थी तीन वेगळ्या पर्यायांवर खूण करतील, आणि तिघेही ‘बरोबर’ ठरतील. अक्षरवटिकेचा अभ्यास, व्यक्तींची ओळख, कालगणना या मार्गांनी उत्तर कसे बदलत गेले, हे ज्याला सांगता येते त्याला चौथे उत्तर उद्या आले तरी भीती वाटत नाही.

प्रशासनाची उत्तरे तर याहून चंचल. खानदेश हा एक जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. अजिंठा कोणत्या जिल्ह्यात, याचे उत्तर औरंगाबाद होते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. जळगावच्या विद्यापीठाला १९९० पासून उत्तर महाराष्ट्र हे नाव होते, २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव जोडले गेले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला लाभले, हीही खानदेशाची एक मिळकतच.

मग माहिती आणि ज्ञान यांना जोडण्याची परंपरा मराठीत नव्हती काय? होती, आणि तिची एक मुळी खानदेशातच आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड काढले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. अकारविल्हे नोंदींना आरंभ करण्यापूर्वी त्यांनी पाच प्रस्तावनाखंड लिहिले: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. म्हणजे आधी दोरा, मग मणी. त्यानंतरचा मोठा उद्योग ‘मराठी विश्वकोश’; पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९०१ साली धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरला जन्मले. पिंपळनेरचा मुलगा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत न्यायशास्त्र शिकला, कलकत्त्याहून तर्कतीर्थ झाला, आणि साऱ्या जगाचे ज्ञान मराठीत आणणाऱ्या कोशाच्या प्रमुखपदी बसला. ‘सामान्य’ म्हणजे अनेकानुगत एक, ही व्याख्या ज्याने तरुणपणी घोकली त्याच्याच हाती मराठीतील ‘सामान्यज्ञाना’चा सर्वांत मोठा ग्रंथ यावा, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. कोशातील प्रत्येक नोंद दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवते. मार्गदर्शिकेतील प्रश्न मात्र शेजारच्या प्रश्नाला ओळखत नाही.

तरीही दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे ठरवले तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली. काहींनी त्यात आळस पाहिला. आम्हांस त्यात वय दिसले. पाच-सहा वर्षे एका पद्धतीने तयारी केलेल्या, घरून पैसे मागवण्याची लाज वाटू लागलेल्या तरुणाला पद्धत बदलणे म्हणजे आयुष्याची वर्षे पुन्हा मोजणे होते. शिवाय वर्णनात्मक उत्तर लिहायला त्याला शिकवले होते कोणी? अध्यापकाच्या पात्रतेची नेट परीक्षाच २०१२ पासून संपूर्ण बहुपर्यायी आहे. जो स्वतः पर्याय निवडून वर्गात आला त्याने विद्यार्थ्याला पर्यायांच्या पलीकडे न्यावयाचे, अशी ही कोंडी आहे. आता परीक्षेनेच लिहिते होण्याची अट घातली आहे. त्यामुळे वाङ्मयाचा तास आणि अभ्यासिका यांच्यामधली वाट पुन्हा वापरात येऊ शकते.

ती कशी वापरावी, याची रीत अवघड नाही. प्रत्येक एकगुणी उत्तराला तीन प्रश्न विचारावेत: हे कोणाला, कशावरून कळले? या वाक्यातील क्रियापद कोणाच्या बाजूने बोलते? आणि हे उत्तर आपल्या गावातल्या कोणत्या गोष्टीला जाऊन भिडते? तिसरा प्रश्न आम्ही मुद्दाम जोडला आहे. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. कार्तिकी एकादशीला जळगावात रामाचा. तो प्रचंड रथ ओढायला शेकडो हात असतात, पण त्याला वळवायचे आणि थांबवायचे ते चाकाखाली लाकडी मोगरी लावून. मोगरी केव्हा, कोणत्या चाकाला, किती तिरपी लावायची, हे ज्ञान कोणत्याही वहीत नाही. ते पिढ्यान् पिढ्या हातातून हातात आले आहे. त्यात घर्षण आहे, उतार आहे, गल्लीचा भूगोल आहे, गावाचा इतिहास आहे आणि ते सर्व एकाच क्षणी जोडलेले आहे.

परीक्षेत पर्यायावर खूण करून विद्यार्थी पुढे जाईल; त्याने जावे, आणि त्याला तो गुण मिळावा. त्याच्या वहीतील तापी, स्मिथ, भास्कराचार्य, बालकवी आणि फैजपूर ही पाच उत्तरे एका नदीच्या खोऱ्यातली आहेत, एवढे त्याला कळले तरी त्या वहीला सामान्यज्ञान म्हणण्याचा अधिकार मिळेल.